‘एक लाख ल्युमेन’ची टॉर्च घरात हवीच का?

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो : प्रत्येक घरात ‘एक लाख ल्युमेन’ची, ‘९९०० एमएएच’ सेलची, दोन किलोमीटर पल्ल्याची झूम टॉर्च असावी, तिच्या उजेडात साप लांबूनच दिसतो, आणि रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली की काळजी मिटते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु या सल्ल्यातले आकडे खोटे आहेत आणि शेवटची सूचना धोक्याची आहे.

पहिला मुद्दा ल्युमेनचा. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे हे माप आहे. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो; म्हणजे एक लाख ल्युमेनसाठी असे शंभरावर बल्ब एकदम पेटवावे लागतील आणि त्यांना सुमारे १००० वॅट वीज लागेल. अशा टॉर्चमध्ये बहुधा १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा ‘१८६५०’ लिथियम-आयन सेल असतो. त्यात जेमतेम १२-१३ वॅट-तास ऊर्जा मावते, जी १००० वॅटच्या हिशेबाने पाऊण मिनिटही धड पुरणार नाही; आणि इतकी वीज एका दमात देणे या सेलला मुळात शक्यच नसते.

‘९९०० एमएएच’ हाही आकडा असाच छापलेला. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २५०० ते ३६०० एमएएच असते. शंका असल्यास सेल काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा : अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तर बनावट सेल पुष्कळदा हातालाच हलका लागतो.

पल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या प्रचलित मानकानुसार, प्रकाश पाव लक्सपर्यंत, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका, मंद होतो ते अंतर म्हणजे पल्ला. दोन किलोमीटरसाठी झोताची तीव्रता १० लाख कँडेला लागते, आणि तसा झोत घरात निरुपयोगी ठरतो. झूम पूर्ण ताणून भिंतीवर टॉर्च मारली, तर एलईडीच्या चिपचा लख्ख चौकोन उमटतो आणि त्याच्या कडेला अंधार राहतो. घोणस पाल्यापाचोळ्यात निपचित पडलेली असते, मण्यार रात्री हिंडते. त्यांच्यापासून सावध राहण्यासाठी उजेड पावलांपुढच्या चार-पाच मीटरांत, आजूबाजूला पसरलेला हवा. त्यासाठी रुंद झोताचे २०० ते ३०० ल्युमेन पुरतात. तेवढीच टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवली, तर वीज गेल्यावर खोलीभर उजेड पडतो. परसदार मोठे असेल किंवा गोठ्यापर्यंत जावे लागत असेल, तर ५०० ते १००० ल्युमेनची घ्यावी. मात्र लहान टॉर्च तापू लागली की काही मिनिटांतच आपला प्रकाश कमी करते, म्हणून मधल्या पातळीवर ती किती तास चालते हे खरेदीपूर्वी पाहावे.

राहिले रात्रभराचे चार्जिंग. जुन्या लेड-ॲसिड टॉर्चना आठ-दहा तास लागत आणि महिनोन्महिने रिकाम्या ठेवल्यास त्यांची बॅटरी निकामी होत असे. ही सवय तिथूनच आली असावी. लिथियम सेलला ती लावू नये. स्वस्त टॉर्चमध्ये जादा चार्जिंग रोखणारे सर्किट नसेल, तर सेल फुगू शकतो, पेट घेऊ शकतो. घरातले जागे असतानाच, गादी-पडद्यांपासून दूर चार्ज करावी, भरताच काढावी आणि सेल फुगलेला दिसला तर टॉर्च पुन्हा चार्जिंगला लावू नये.