नराविना वंश, पण विविधता शून्य नाही

मराठवाड्यातील शिक्षकांच्या आणि सर्पमित्रांच्या गटांतून एक मजकूर सध्या पुढे पाठवला जात आहे. अमेरिकेतील व्हिपटेल सरड्यांच्या काही जातींत फक्त माद्या असतात, त्यांची पिल्ले आईची हुबेहूब प्रत असतात, त्यामुळे त्यांच्यात जनुकीय विविधता शून्य असते आणि आपल्या घरातली एकटी पालही तशीच अंडी घालते, असे त्यात म्हटले आहे. यातले पहिले विधान खरे आहे. बाकीची टिकत नाहीत.

‘शून्य विविधता’ हा त्यातला सर्वांत चुकीचा भाग. न्यू मेक्सिकोतला नरविरहित व्हिपटेल दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निपजला, म्हणून त्याच्या प्रत्येक पेशीत दोन्ही जातींचे गुणसूत्रसंच नांदतात आणि एकाच जनुकाच्या दोन प्रतींत मोठा फरक आढळतो. ही विविधता पिढ्यानपिढ्या टिकते कशी, हे कॅन्सस सिटीतील स्टोवर्स संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. अर्धगुणसूत्री विभाजनापूर्वी, म्हणजे अंडे तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनापूर्वी, या माद्यांच्या पेशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते आणि मग प्रत्येक गुणसूत्र आपल्याच नकलेशी जोडी जमवते. त्यामुळे जोडीत देवाणघेवाण झाली तरी दोन्ही जातींचा वारसा अंड्यात शाबूत उतरतो.

एका वंशातल्या बहिणी जवळजवळ सारख्या असतात, हे मान्यच आहे. तरीही नवी उत्परिवर्तने साचत जातात. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या नरविरहित हेटेरोनोशिया पालींमध्ये असे संकर अनेकदा झाल्याने वंशही अनेक आहेत.

‘हुबेहूब प्रत’ हा नियमही सार्वत्रिक नाही. आपल्या घोरपडीचा नातलग असलेल्या कोमोडो ड्रॅगनची मादी एरवी नराशी समागम करते. २००६ मध्ये इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांत अशा माद्यांनी नराविना अंडी घातल्याचे सिद्ध झाले. तिथे विविधता खरोखर घटते, पण आईची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू असताना जगणारी पिल्ले झेड-झेड, म्हणजे नर निघतात. नर पिल्लाला आईची प्रत कसे म्हणावे?

पालीचा दाखला तर सपशेल चुकीचा आहे. भिंतीवरच्या आपल्या नेहमीच्या पालींत नर असतात आणि मादी समागमानंतर शुक्राणू बराच काळ साठवू शकते, म्हणून एकटी दिसणारी पालही फलित अंडी घालते. नराविना वाढणारा प्राणी मराठवाड्यात शोधायचाच असेल, तर तो वाळा. पावसाळ्यात कुंडीखाली किंवा न्हाणीघरात सापडणारा हा काळसर, चकचकीत साप गांडूळ समजून मारला जातो. नीट पाहिले तर अंगावर वळ्यांऐवजी खवले दिसतात आणि मधूनच बारीक जीभ बाहेर येते. त्याच्या सर्व ज्ञात माद्यांत गुणसूत्रांचे तीन संच असतात.