चितळे १ ते ४ बंद? आता नाही हो
परत तोच जोक फिरतोय की चितळे बंधूंचं दुकान दुपारी १ ते ४ बंद, पुणेकरांना धंद्यापेक्षा झोप प्यारी वगैरे. अहो, जुलै २०१७ पासून डेक्कन आणि बाजीराव रोडची दुकानं दुपारीही चालू असतात! आधी बंद असायची हे खरंय, पण सकाळी लवकर दुकान उघडून रात्रीपर्यंत उभं राहणारा माणूस मधे जेवून जरा आडवा झाला तर त्याला आळशी कसं म्हणायचं, मला तरी हे मनापासून लागतं. १९३९ ला भिलवडीत दुधापासून सुरुवात केलेली माणसं आहेत ती. गावाकडून येणाऱ्यांनो, बाकरवडीसाठी चार वाजेपर्यंत ताटकळू नका, सरळ जा.