फॉर्स्टर आणि देवास

आधुनिकतावादी (विसाव्या शतकाच्या आरंभी जुने साहित्यसंकेत मोडणाऱ्या) लेखकांना परदेश प्रवासाने नवे विषय पुरवले, असे म्हटले जाते; ते मान्य करूनही इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या बाबतीत ते अपुरे वाटते. १९१२-१३ च्या पहिल्या भारतभेटीनंतर त्यांनी 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी लिहायला घेतली आणि ती अर्धवट राहिली. १९२१ मध्ये माळव्यातील देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे (वडील शाखेचे) महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून ते पुन्हा आले, तेव्हा सोबत आणलेली प्रकरणे प्रत्यक्ष देशासमोर ठेवताच निर्जीव वाटू लागली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. म्हणजे प्रवासाने येथे लेखनाला गती दिली नाही, उलट ते थांबवले. कादंबरी पूर्ण झाली ती इंग्लंडला परतल्यावर, १९२४ मध्ये.

मात्र देवासच्या मराठा दरबारात पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या मनात राहिला. त्यातील गोंगाट आणि भडक सजावट यांची त्यांनी पत्रांतून यथेच्छ थट्टा केली, तरी कादंबरीचा अखेरचा 'मंदिर' हा भाग त्याच उत्सवावर उभा आहे, आणि त्यात दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक गोडबोले भजन गाताना तुकारामांचा धावा करतात. (इंग्रजी कादंबरीत तुकोबा भेटतात, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.) आधुनिकतावादी कवी टी. एस. एलियट यांनी उपनिषदे हार्वर्डमध्ये संस्कृत शिकताना वाचली; फॉर्स्टर यांना भक्तिपरंपरा ग्रंथांपेक्षा माणसांच्या गर्दीत भेटली, आणि त्यामुळेच बहुधा त्यांच्या लेखनात ती विनोदासह उतरली.