लकव्याला सुई आणि कंबरेला एमआरआय: एका मेसेजची उलटतपासणी

बचत गट, भजनी मंडळ, सोयाबीनच्या भावाचा ग्रुप, सगळीकडे सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. एक एमआरआय म्हणजे हजार एक्स-रे, त्या किरणांनी मेंदू करपतो. लकवा मारला तर सीटी स्कॅनच्या नादी लागू नका, दहाही बोटांना आणि कानाच्या पाळ्यांना सुई टोचून रक्त काढा, माणूस उठून बसतो. कंबरेच्या एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली की ऑपरेशन करा, नाहीतर पाय जातात. फिट येणाऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली म्हणजे कॅन्सर. आणि हा सगळा खेळ कमिशनचा आहे.

शेवटच्या दाव्यात तथ्य आहे. म्हणूनच त्याच्या आधीचे चार खपून जातात.

एमआरआयच्या किरणांचं आधी उरकून टाकू, कारण ते किरण नसतातच. एमआरआय चालतो चुंबकावर आणि रेडिओलहरींवर. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो, त्याच्याकडून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार होतं. एक्स-रे त्यात एकही नाही, मग हजार कुठून येणार? धोका आहे तो चुंबकाचा. नेहमीचं दीड टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं असतं आणि तपासणी संपली तरी ते चुंबक चालूच राहतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट खेचला जाऊन जिवाला मुकला. म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, वेल्डिंग करताना कधी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे आत जाण्याआधी सांगायचं. तंत्रज्ञ नथ-जोडवी काढायला लावतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये.

किरण असतात सीटीत. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप). माती, खडक, आकाश यांच्याकडून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतातच. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा धोका अगदी लहान आहे. लहान मुलांचं वेगळं. युरोपातल्या साडेसहा लाखांहून जास्त मुला-तरुणांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला. डोक्याचा एक सीटी काढलेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या ५ ते १५ वर्षांत किरणांमुळे मेंदूच्या कॅन्सरचा साधारण एक रुग्ण वाढेल, असा त्याचा अंदाज आहे. खाटेवरून पडलेलं आणि पुन्हा अंगणात हुंदडणारं पोर म्हणूनच मशीनमध्ये घालायचं नसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून उलट्या करणारं, गुंगी आलेलं पोर मात्र घालायचंच.

आता सुई. या मेसेजमधला सर्वांत घातक भाग हाच.

लकवा दोन प्रकारांनी मारतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाहीतर ती फुटते. तोंड दोन्हींत वाकडं होतं, हातपाय दोन्हींत लुळे पडतात, बोबडी दोन्हींत वळते. वरून पाहून कितीही जुना डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही की हा प्रकार कोणता. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं औषध द्यायचं, आणि वाहिनी फुटलेली असताना तेच औषध दिलं तर माणूस हातचा जातो. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी काढला गेला. त्याआधी जिवंत माणसात हा फरक ओळखणं हा बराचसा अंदाजाचा मामला होता. आज सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं आणि उत्तर काही मिनिटांत मिळतं. मेसेज ज्याला वेळेचा अपव्यय म्हणतो तो हा.

बोटातून काढलेल्या चार थेंबांनी मेंदूतली गुठळी हलत नाही की फुटलेली वाहिनी सांधत नाही. पण सुई शोधण्यात, दहा बोटं टोचण्यात, ‘आता बरं वाटते का बा?’ विचारत बसण्यात अर्धा-पाऊण तास जातो. वाहिनी बंद पडल्यावर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असं २००६ मधलं एक गणित आहे. कुणी सुधारलेला दिसला तर तो सुईचा गुण नव्हे. काही झटके आपोआप ओसरतात, आणि अशा काही जणांना पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येतो.

गुठळीच्या औषधाची मुदत १९९५ च्या संशोधनात तीन तास होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांपर्यंत गेली. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकावरच्या सिरोंच्याहून गडचिरोली शहरच दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्याही पुढे. म्हणजे साडेचार तास रस्त्यातच संपले म्हणायचे. पण २०१८ मध्ये दोन महत्त्वाच्या चाचण्यांनी हे चित्र पालटवलं. मेंदूचा किती भाग मेला आणि किती अजून वाचवता येईल हे स्कॅनवर मोजून रुग्ण निवडले, तर मोठ्या वाहिनीतली गुठळी १६ ते २४ तासांपर्यंतही तारेने बाहेर काढून फायदा होतो, असं त्यांत दिसलं. हे सगळ्यांना लागू नाही, प्रत्येक शहरात होतही नाही. पण दूरच्या गावातल्या माणसाला जास्तीचा वेळ मिळवून दिला तो याच स्कॅनने.

आणि हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार आहे असं कुणी समजू नये. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतले मृत्यू तपासले, ते २०१५ मध्ये छापून आलं. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे होते. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. त्या २२९ मधले ८७ टक्के घरीच दगावले. तोंड वाकडं दिसलं की १०८ ला फोन करायचा, शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवायची, तोंडात पाणी घालायचं नाही आणि सीटी होईपर्यंत डिस्प्रिनही द्यायची नाही. ‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे लकवा नाही’ हाही गैरसमजच आहे. गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत सीटी स्वच्छ दिसू शकतो.

गादीच्या बाबतीत मेसेजची गंमत अशी की स्कॅनला शिव्या घालणारा हा लेखक इथे स्कॅनच्या अहवालावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. कापसाची वेचणी, फवारणीचा पंप, पोती उचलणं, एवढं केल्यावर कंबर धरते. मग कुणीतरी एमआरआय सांगतं, अहवालात तीन ठिकाणी गादी ‘बाहेर’ निघते आणि ‘आता काही खरं नाही जी’ म्हणत माणूस अंथरूण धरतो. २०१५ मध्ये आधीच्या ३३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात ३११० माणसं होती आणि त्यांच्यापैकी कुणालाही पाठदुखी नव्हती. तरी विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली. गादीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजते तसंच हे. तेवढ्यासाठी कुणी गाडी मोडीत काढत नाही.

२०१७ मध्ये तर एकाच बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा केंद्रांवर काढून पाहिला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिले गेले आणि दहाही ठिकाणी सापडलेला दोष एकही नव्हता. कागदावर छापलं म्हणून ते देववाक्य होत नाही.

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत, हिंडत-फिरत राहून कमी होते. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद रोज कमी होत चालली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोबत ताप असेल, वजन उतरत असेल तर आपल्या भागात मणक्याचा टीबी डोक्यात असलाच पाहिजे. तो सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तिथे मशीनला घाबरलात तर पाय खरोखरच जातील.

फिटवाल्या पोराच्या डोक्यातली ‘गाठ’ आपल्याकडे पुष्कळदा फितकृमीच्या अळीची असते. अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. माळकऱ्यालाही होते. पूर्वी असे छोटे डाग सर्रास टीबीचे समजले जात. वेल्लोरच्या डॉ. वेदांतम राजशेखर यांच्या कामाने दाखवलं की त्यातले बहुतेक या अळीचे असतात आणि कित्येक काही महिन्यांत विरून जातात. कॅन्सर, टीबी की अळी हे वेगळं करायलाच पुन्हा स्कॅन लागतो.

राहिलं कमिशन. ते आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याविरुद्ध, कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता, उगाच नाही. पण हा कट शिरतो बिनघाईच्या कंबरदुखीत, रात्री दोनला आलेल्या लकव्यात नव्हे. कंबरेचा एमआरआय लिहून दिला की विचारा, ‘साहेब, हा काढल्याने उपचारात काय बदल होणार?’ तपासणी कोणत्या केंद्रात करायची ते तुम्ही ठरवा, सरकारी रुग्णालयात सोय आहे का ते आधी पाहा, आणि फिल्म व सीडी घरी जपून ठेवा. पुढचा डॉक्टर नवा एमआरआय सांगेल तेव्हा आधी जुना त्याच्या टेबलावर ठेवा.