लोटलेलं दार

दर दोन-चार महिन्यांनी एक पोस्ट फिरत फिरत माझ्याकडे येते. जुन्या वाड्याच्या दाराचा फोटो आणि खाली 'पूर्वी दारं उघडी असायची, मनंही उघडी असायची' छापाचं काहीतरी. खाली बदाम, जोडलेले हात. मी तशा घरात नांदले आहे, म्हणून जरा बोलते. लांबेल, आधीच सांगते.

माझं सासर एरंडोल तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. घर धाब्याचं, मातीच्या भिंती हातभर जाड. दार इतकं बुटकं की सगळ्यांनाच वाकून आत यावं लागे. कुणी म्हणायचं, माणसाने नमून घरात यावं म्हणून तसं केलंय. मला वाटतं मे महिन्याच्या झळा आत येऊ नयेत म्हणून केलं असणार. खान्देशात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा नम्रता वगैरे कुणाला सुचत नाही.

दार सकाळी सड्याच्या वेळी उघडायचं ते रात्री निजेपर्यंत. दुपारी फक्त लोटलेलं. या 'लोटलेलं'वर थोडं थांबते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. आमच्याकडे दार नुसतं उघडं किंवा बंद नसतं. ते सताड उघडं असतं, लोटलेलं असतं, कडी लावलेलं असतं, नाहीतर कुलूप घातलेलं असतं, आणि प्रत्येकाचा निरोप वेगळा. लोटलेलं म्हणजे आत माणूस आहे, जरा पडलाय, काम असेल तर ओट्यावरून हाक मार, "कोनी शे का घरमा?", आणि आतून 'ये' आलं की ढकलून ये. दिवसा कडी म्हणजे भांडण, आजारपण नाहीतर भानगड. कुलूप फक्त गावाला जाताना, एखाद्या लग्नाला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेला. त्याचीही किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. शनिशिंगणापूरला घरांना दारंच नाहीत, तिथे 2011 साली बँकेने बिनकुलुपाची शाखा काढली म्हणून केवढ्या बातम्या झाल्या! आमच्या गल्लीने हसून सोडून दिलं असतं. कोनाड्यातल्या किल्लीचं कुलूप म्हणजे तरी काय वेगळं?

इथवर ती फिरणारी पोस्ट खरी आहे. आता पुढचं.

2001 साली लग्न होऊन त्या घरात गेले. आम्हा दोघांना मिळाली मधली खोली. तिला दोन फळ्यांचं सागवानी दार, पितळी कडी, सगळं होतं. पण खोलीत तुरीच्या डाळीची कोठी होती, त्यामुळे येताजाता कुणीही आत. दिवाळीनंतर कापूस घरात आला की भाव येईपर्यंत तोही माझ्याच खोलीत. आढ्यापर्यंत ढीग. त्या वर्षी भाव काही लवकर आला नाही, आणि कापूस दाराच्या फळीला इतका टेकला होता की माघापर्यंत दार लागतच नव्हतं. नवी नवरी मी, साडी बदलायला घर रिकामं व्हायची वाट बघायची. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. एकदा दुपारी डोकं दुखत होतं म्हणून कापूस सरकवून कशीबशी कडी लावली, तर पाच मिनिटांत सासूबाई दारात. "दारले कडी कसाले लाई वं?" आवाज चढलेला नव्हता. शेजारीण ओट्यावर बसली होती, तिने काय समजावं, ही धास्ती होती.

म्हणून म्हणते, उघड्या दाराचं कौतुक करणाऱ्याने आधी सांगावं की त्या घरात त्याला लावायला दार होतं का. पुरुषांना ओटा होता, मळा होता, चावडी होती. बाईला चूल, आणि चुलीला कुठलं आलंय दार?

आणि ते दार उघडं तरी सगळ्यांना होतं का? गावकुसाबाहेरची एक म्हातारी सूप-टोपल्या घेऊन यायची. दार सताड उघडं, पण ती ओट्याच्या खालीच उभी राहायची. पाणी वरून ओतायचं. तिला कुणी 'येऊ नको' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, कारण म्हणायची गरजच नव्हती. त्या घरात मीही तिला ओट्याखालीच टोपल्यांचे पैसे दिले. कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, तिचंही तसंच. श्रावणात कानबाई बसते त्या रात्री गाणी, जागरण, कुणीही यावं, दर्शन घ्यावं. पण तिच्या नैवेद्याचे रोट? रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर घास जात नाही. ते माझ्याच घरचं असल्याने मला गोडही वाटतं, पण उघडं दार म्हणता येणार नाही.

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी कधी लावली, माहीत आहे? घरी संडास बांधला तेव्हा. स्वच्छ भारतच्या योजनेतून बारा हजार मिळायचे, त्यात भर घालून बांधला. न्हाणीला तोवर जुन्या लुगड्याचा पडदा असायचा. संडासला पत्र्याचं दार आणि आतून कडी. सुरुवातीला त्यांना तिथे एवढा वेळ लागायचा की मी घाबरून डॉक्टरकडे न्यायचं म्हणाले. तर हसल्या. म्हणाल्या, "तठे कोनी हाक मारत नही." साठी ओलांडलेली बाई, चार लेकरं, तीस माणसांचा स्वयंपाक केलेली, आणि कुणी हाक मारणार नाही अशी जागा मिळाली ती ही.

आता उलट बाजू, नाहीतर मी फ्लॅटची जाहिरात करते असं वाटायचं.

आम्ही जळगावला राहतो, तिसरा मजला. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. आमच्या दाराचं लॅच आपोआप लागतं. गेल्या मेमध्ये मी शाळेत, लेक क्लासला, हे कामावर. खाली भाजीची गाडी आली म्हणून त्या कोथिंबीर घ्यायला उतरल्या. सवयीने दार नुसतं ओढून घेतलं. वर आल्या तर दार लागलेलं, फोन आत, किल्ली आत. मी दीड तासाने आले तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पदरात कोथिंबिरीची जुडी, पार माना टाकलेली. मजल्यावर आणखी तीन दारं, एका घरातून टीव्हीचा आवाज ऐकू येत होता.

"बेल का नाही वाजवली?"

"कोनी झोपेल व्हई म्हनीसन."

ज्या बाईने मला दिवसा कडी लावू दिली नाही, तिला परक्याचं बंद दार वाजवता आलं नाही. गावात तिने हाक मारली असती. हाक मारायला दार निदान लोटलेलं लागतं. बेल म्हणजे आतल्या माणसाला उठवणं, हाक म्हणजे नुसतं विचारणं. मला पहिल्यांदा कळलं की मी ज्या दारासाठी तिच्याशी मनातल्या मनात वीस वर्षं भांडले, त्याला आम्ही कडी लावली ती थेट बाहेरच्या जगाला.

त्यातून माझं मत असं झालंय: खोलीचं दार लावायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला हवा, आधी सुनेला, मग लेकीला, मग पोराला. पण बाहेरचं दार, जमेल तेवढा वेळ, लोटलेलं हवं. चोऱ्या होतात, मान्य. आमच्याच बिल्डिंगमध्ये झाली. तरी संध्याकाळी माणसं घरात असताना काय हरकत आहे?

लेक बारावीला आहे. खोलीचं दार लावून बसते. सुरुवातीला आजीला ते फार लागलं, 'मना तोंडवर दार लाई ली' म्हणून दोन दिवस जेवणावर राग. आता दाराशी जाऊन हाक मारतात, आतून 'ये ना आजी' आलं की ढकलतात. त्यांना कुणी शिकवलं नाही, ते त्यांना गावाकडूनच येत होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक गंमत झाली. आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेका पितराला बोलावतात. फ्लॅटला उंबरा कुठला, ग्रॅनाइटची काळी पट्टी. त्यावर कुंकू दिसेचना. सासूबाईंनी नावं घेत बोटं ओढली, सासऱ्यांच्या नावाला जरा थांबल्या, मग म्हणाल्या, दार उघडं ठेव, लॅच लागलं तर ते बेल थोडीच वाजवतील.

तेव्हापासून दाराच्या फटीत गावाहून आणलेला वरवंटा आडवा असतो. दार तीन बोटं उघडं राहतं. शेजारच्या वहिनी आता हाक मारून येतात, कुरियरवाला मात्र बुचकळ्यात पडतो. चटणी वाटायची असली की तेवढा अर्धा तास दार लागलेलं असतं.