ग्रेसमुळे 'सगळा वर्ग वर सरकला'? आकडे मांडून बघा

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "नापास पोरांना ग्रेस दिला की सरासरी वाढते. म्हणजे सगळा वर्ग वर सरकला, मध्यक आणि बहुलकही तेवढेच वाढले, आणि हुशार पोरांचं नुकसान झालं." २०२४ च्या एसएसएलसीत (कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेत) ग्रेसची, म्हणजे पास होण्यासाठी दिलेल्या वाढीव गुणांची, मर्यादा १० वरून २० टक्के केली होती, त्यामुळे विषय नाजूक आहे. मी मराठी माध्यमात दहावीला गणित शिकवते. मेसेजमधलं पहिलं वाक्य बरोबर आहे. पुढचं सगळं चूक.

उदाहरणाला नऊ जणांचे गुण घ्या: २६, ३०, ३१, ४१, ५२, ५८, ५८, ७४, ८९. बेरीज ४५९, सरासरी ५१. आता खालच्या तिघांना ग्रेस देऊन ३५ वर आणा. एकूण १८ गुण वाढले, नऊ जणांत वाटले की सरासरी ५३.

वर्ग वर सरकला का? सहा जणांचा एक गुणही हललेला नाही. सरासरी बेरजेवर चालते. ते १८ गुण कुणाच्या पदरात पडले, हे ती सांगत नाही.

मध्यक म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावल्यावर मधला, इथे पाचवा. तो आधी ५२, नंतरही ५२. पहिले तिघे वाढले, पण ५२ ओलांडून कुणीच गेलं नाही, मग मधला बदलेल कसा?

बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेले गुण. त्याचं तर उलटंच होतं. आधी ५८ दोनदा होता, आता ३५ तीनदा आला. बहुलक ५८ वरून थेट ३५! ग्रेस देऊन एक माप घसरलं, हे वर्गात सांगितलं की मुलं पुन्हा पुन्हा मोजून बघतात. मोजावंच.

हुशारांचं नुकसान? ८९ चे ८९ च राहिले, पहिला नंबरही तसाच. कमी झालं ते अंतर: विस्तार (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांतला फरक) ६३ वरून ५४, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) सुमारे २०.१ वरून १८.०. नापासाच्या काठावरचं पोर थोडं जवळ आलं, त्यात कुणाचं काय गेलं?

सगळी मापं सारखी सरकतात हे फक्त एकाच परिस्थितीत थोडंफार खरं ठरतं: चुकीच्या प्रश्नाबद्दल नऊही जणांना ५-५ गुण दिले तर. मग सरासरी, मध्यक, बहुलक तिन्ही ५ ने वाढतात. तेव्हाही विस्तार आणि प्रमाण विचलन जागचे हलत नाहीत.