एक बाप, एक खटला, एक निकाल? इतकं सोपं नव्हतं

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अमेरिकेत एका काळ्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारला. बाप कोर्टात गेला. 1954 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि शाळांतला वर्णभेद संपला. याला म्हणतात कायद्याचं राज्य!’ यातलं साल बरोबर आहे, बाकी गोष्ट अर्धवट.

आधी तो ‘एक बाप’. ऑलिव्हर ब्राउन हे कॅन्ससमधल्या टोपीका शहरातल्या तेरा पालकांपैकी एक. शिवाय सुप्रीम कोर्टापुढे साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअरचेही खटले एकत्र होते. राजधानी वॉशिंग्टनच्या खटल्याचा निकाल त्याच दिवशी, 17 मे रोजी, वेगळा लागला. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत तर सुरुवातीची मागणी फक्त शाळेच्या बसची होती. गोऱ्या मुलांना बस, काळ्या मुलांना पायपीट. तिथे अर्जावर सही केली म्हणून पेट्रोल पंपावर काम करणारे हॅरी ब्रिग्ज आणि मोटेलात काम करणारी त्यांची पत्नी एलायझा, दोघांचीही नोकरी गेली. व्हर्जिनियात लढ्याला तोंड फोडलं ते सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने. 1951 मध्ये तिने डांबरी कागदाच्या खोपटांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध शाळेचा संपच घडवून आणला.

‘बाप कोर्टात गेला’ यात वकिलांची दोन दशकं गायब होतात. काळ्या-गोऱ्यांच्या सोयी ‘वेगळ्या पण समान’ असल्या तरी चालेल, असं सुप्रीम कोर्टानेच 1896 साली ठरवून ठेवलं होतं. काळ्यांच्या बाजूने लढणारे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी डाव असा मांडला की आधी उच्च शिक्षणात गाठायचं: राज्यात काळ्यांसाठी कायद्याचं कॉलेजच नसेल, तर समानता दाखवा कुठे आहे! अशा खटल्यांत 1938 मध्ये मिझूरी राज्य हरलं, 1950 मध्ये टेक्सास. ह्यूस्टन त्याच वर्षी वारले. पुढची बाजू त्यांचे शिष्य थरगुड मार्शल यांनी लढवली. टोपीकातल्या काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा सोयींच्या बाबतीत जवळपास सारख्या होत्या आणि माझ्या मते तीच त्या खटल्याची ताकद. इमारत चांगली बांधून देतो, असं म्हणून सुटायची वाटच उरली नाही.

आता ‘संपला’. कोर्टाने 1955 मध्ये अंमलबजावणीचा आदेश दिला, पण मुदत घातली नाही. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये 1957 साली नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला लष्कर आणावं लागलं. बार्बराच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर 1959 ते 1964 सरकारी शाळांना चक्क टाळं ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, बहुतेक काळी मुलं वाऱ्यावर. निकालाला दहा वर्षं होत आली तरी दक्षिणेत गोऱ्यांसोबत शिकणारी काळी मुलं शंभरात एखाददुसरीच. वेग आला तो 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर, केंद्राचा निधी तोडण्याची धमकी मिळाली तेव्हा.

उत्तरेतही तेच दुखणं होतं. 1974 मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की भोवतालच्या गोऱ्या उपनगरांना शहराच्या शाळा-एकीकरणात ओढता येणार नाही.